दूरच्या प्रवासासाठी डाइव्ह लाइट : घेण्याआधी आणि घेतल्यावर

डाइव्ह लाइट, म्हणजे पाण्याखाली वापरायची टॉर्च, घ्यायला आलेल्यांचा पहिला प्रश्न बहुधा लुमेनचा, म्हणजे उजेड किती, हा असतो. आम्ही आधी विचारतो, जाताय तिथे वीज किती तास असते? जनरेटर फक्त संध्याकाळी चालणार आणि तुम्ही त्याच वेळी पाण्यात उतरणार असाल, तर आतच बसवलेल्या बॅटरीची लाइट अडचणीची ठरते. ती चार्जिंगला लावली की डाइव्ह हुकली. सेल बाहेर काढता येणारी लाइट घ्या. एक संच चार्जरवर, दुसरा पाण्यात.

18650 किंवा 21700 हे लिथियम सेल भरपूर उजेड देतात, पण आडबाजूला मिळतीलच असं नाही. एए सेलची लाइट मंद असते, मात्र ते सेल बहुतेक कुठेही मिळतात. म्हणून मुख्य लाइट लिथियमची आणि राखीव एएची, हे आम्हाला पटतं. रात्रीच्या डाइव्हला राखीव लाइट हवीच, त्यात काटकसर नको. आणखी एक : प्रोटेक्टेड सेल (आत संरक्षक सर्किट असलेले) साध्या सेलपेक्षा किंचित लांब असतात आणि काही लाइटमध्ये बसत नाहीत. घरीच घालून, झाकण पूर्ण फिरवून बघा.

आता लुमेन. गढूळ पाण्यात रुंद झोत म्हणजे धुक्यात गाडीचा अप्पर लावणं. समोरचे कणच तेवढे उजळतात. तिथे अरुंद झोत कामाचा, रुंद झोत व्हिडिओसाठी. खोक्यावरचे तासही तपासून घ्या. एएनएसआय एफएल-1 या टॉर्चच्या चाचणीच्या मानकात उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात, म्हणजे शेवटचा बराच काळ लाइट मिणमिणतच असते.

विमानात सुटे लिथियम सेल केबिन बॅगेतच न्यायचे, टोकं झाकून. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केलं की वॉट-तास मिळतात : 3.6 व्होल्ट आणि 5 अँपिअर-तासांच्या सेलचे 3.6 गुणिले 5 म्हणजे 18. प्रत्येक सेलला 100 वॉट-तासांपर्यंत सहसा परवानगी लागत नाही; 100 ते 160 साठी एअरलाइनला आधी विचारावं लागतं. लाइटमधले सेलही काढून ठेवा. बॅगेत चुकून चालू झालेली मोठी लाइट थंड करायला पाणी नसतं, ती कपडे जाळू शकते.

देखभालीत खरं काम ओ-रिंगचं, म्हणजे झाकणाच्या सांध्यात पाणी अडवणाऱ्या गोल रबरी कडीचं. रिंग दोन बोटांच्या चिमटीत धरून सरकवली की एका जागी उचलली जाते, तिथून काढा. टाचणी किंवा चाकू लावलात तर बारीक चरा पडतो आणि पाणी त्यातूनच शिरतं. काढलेली रिंग उजेडात धरून बोटांतून फिरवा. केस, वाळूचा कण, चपटा झालेला भाग हाताला कळतो. खोबण धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. ग्रीस चकाकी येण्यापुरतंच. पाणी अडवते ती रिंग, ग्रीस नव्हे. जास्त लावलं तर त्याला वाळूच चिकटते. सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावू नका, ती फुगते. काळ्या नायट्राइल रबराच्या रिंगला चालतं.

डाइव्हनंतर झाकण बंद ठेवूनच लाइट गोड्या पाण्यात भिजवा आणि स्विच दोन-चारदा फिरवा. स्विचखाली मीठ साचलं की तो अडकतो. पूर्ण कोरडी झाल्यावरच उघडा.

पाणी शिरलंच तर झाकण चेहऱ्यापासून दूर धरून हळूहळू सैल करा. आत वायूचा दाब साठलेला असू शकतो. सेल काढा, आतला भाग गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. भिजलेले लिथियम सेल मात्र पुन्हा चार्ज करू नका.

प्रवासानंतर लिथियम सेल अर्धवट चार्ज करून, लाइटबाहेर ठेवा. आमच्या प्रत्येक लाइटबरोबर दोन जादा रिंगा आणि ग्रीसची ट्यूब येते. ती पिशवी लाइटच्याच बॅगेत असू द्या, घरच्या कपाटात नको.