घरभेटीची जोखीम आणि कायद्याची चौकट : विदर्भातील आशांच्या सुरक्षिततेची पार्श्वभूमी

ग्रामीण विदर्भात घरी जाऊन आरोग्यसेवा देण्याचा सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला प्रयोग गडचिरोली जिल्ह्यातला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत स्थानिक महिलांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले आणि नवजात बालकांची काळजी घरातच घेतल्याने तेथील नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ ही गावपातळीवरील महिला आरोग्य स्वयंसेविकांची यंत्रणा उभी राहिली आणि २०११ पासून गृहाधारित नवजात बालसेवेचे काम देशभर तिच्याकडे आले. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी आणि घरी झाली असेल तर सात भेटी, या सगळ्यांचा मिळून मोबदला २५० रुपये ठरला.

बाळाचे प्राण कसे वाचतील याचा विचार या आखणीत बारकाईने झाला. भेट देणारीच्या जिवाचा मात्र तितका झाला नाही. तापाच्या रुग्णाच्या बोटाला सुई टोचून हिवतापासाठी रक्ताचा नमुना घेणे हे गडचिरोलीतल्या आशांचे नेहमीचे काम आहे. दवाखान्यात वापरलेली सुई टाकायला न भोसकला जाणारा पांढरा डबा असतो. टोल्यावरच्या, म्हणजे लहान वस्तीवरच्या, घरात तो नसतो, त्यामुळे ती सुई सांभाळून उपकेंद्रापर्यंत परत नेण्याची जबाबदारी आशेवरच येते. त्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडचे पंचेचाळीस अंशांवर जाणारे ऊन, त्याच पट्ट्यातला वाघाचा वावर आणि पर्लकोटा नदीला पूर आला की तुटणारा भामरागडचा संपर्क, ही कामाचीच परिस्थिती आहे, अपवाद नव्हे.

कायद्याची नजर मात्र दीर्घकाळ आवाराच्या आतच राहिली. १९४८ चा कारखाना अधिनियम कारखान्यापुरता होता, तर २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचाही मुख्य आधार दहा किंवा अधिक कामगारांची आस्थापना हाच आहे. आशा स्वयंसेविका मानल्या गेल्याने त्यांना कामगाराचा दर्जा मिळाला नाही. तो द्यावा, अशी शिफारस २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने केली होती.

त्याच वर्षीचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा मात्र याला अपवाद ठरतो. राजस्थानातील एका गावपातळीवरील कार्यकर्तीवर १९९२ मध्ये झालेल्या सामूहिक अत्याचारानंतर सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आला आणि त्यातून झालेल्या या कायद्याने स्वेच्छेने काम करणाऱ्यांनाही सामावून घेतले, तसेच कामानिमित्त भेट दिलेली जागा कामाचे ठिकाण मानली. जे येथे जमले ते उन्हाच्या वा सुईच्या बाबतीत का जमू नये, याचे पटणारे उत्तर मिळत नाही.

त्यानंतरची वाट प्रामुख्याने विम्याची आहे. मार्च २०२० मध्ये कोविडकाळासाठी ५० लाखांचे संरक्षण जाहीर झाले आणि त्यात आशांचाही समावेश होता. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आशा व त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांसाठी कर्तव्यावर असताना अपघाती मृत्यू झाल्यास १० लाख आणि कायमचे अपंगत्व आल्यास ५ लाख रुपयांची तरतूद केली. संपांमधून आणि मोर्चांमधून मिळालेली ही रक्कम कुटुंबासाठी मोलाचीच आहे. पण सुई टोचल्यावर कोणत्या तपासण्या कोठे करायच्या, उन्हाळ्यात भेटींच्या वेळा कोण बदलणार आणि जंगलवाटेवर सोबतीला कोण असेल, हे प्रश्न विम्याच्या कक्षेत येत नाहीत.