झेन वचनांत साकुरा कुठून आला?

मार्च संपत आला की जपानमधल्या साकुराचे, म्हणजे चेरीच्या बहराचे, फोटो मोबाइलवर फिरू लागतात. त्यांवर ‘झेन म्हण’ म्हणून बहर किती क्षणाचा असतो हे सांगणारी एखादी ओळ असते. मराठीत सत्तरच्या दशकात हायकू रुजला, पुण्यातल्या एका आश्रमात झेनवर प्रवचनमालाच्या प्रवचनमाला झाल्या. त्यामुळे अशा ओळी आपल्याला ओळखीच्या वाटतात. पण झेन ही ध्यानावर भर देणारी बौद्ध परंपरा, अनित्यता आणि गळणारा साकुरा हे त्रिकूट दिसते तितके जुने नाही.

झेनच्या जुन्या वाङ्मयात फुलांना तोटा नाही, पण ती बहुतेक दुसरीच. चीनमधल्या तांग राजवटीच्या काळातल्या एका भिक्षूला तीस वर्षे शोध घेतल्यावर जाग आली ती पीचचा बहर पाहून. १२२८ सालच्या ‘मुमोनकान’ या संग्रहात एक पद्य आहे: वसंतात फुले, शरदात चंद्र, उन्हाळ्यात झुळूक, हिवाळ्यात बर्फ, मनात फुकाची चिंता नसेल तर कुठलाही ऋतू चांगलाच. बुद्धाने फूल उचलून धरले आणि एकच शिष्य हसला, ही कथाही त्यात आहे. भारतीय ग्रंथांत ती सापडत नाही. ती चीनमध्ये, तांगनंतरच्या सोंग काळात प्रचारात आली.

झेनचा सोतो पंथ जपानात नेणाऱ्या आचार्यांनी १२४३ च्या हिवाळ्यात एक अख्खे प्रकरण लिहिले, तेही साकुरावर नव्हे तर उमेवर. उमे हे जर्दाळूच्या नात्यातले, थंडीतच फुलणारे झाड. त्या दिवशी तीन फूट बर्फ होता, अशी नोंदही प्रकरणाच्या शेवटी सापडते. याच आचार्यांचे त्याआधी दहा वर्षे लिहिलेले एक वाक्य हल्ली फार उद्धृत होते: आपल्याला हवीशी असूनही फुले गळतात, नकोसे असूनही तण वाढते. फोटोंवर छापताना पहिला अर्धा भाग ठेवतात आणि तणाला गाळतात. माझ्या मते त्यातली झेनची बाजू नेमकी तणातच आहे.

साकुराचे दुःख आले दरबारी कवितेतून. आठव्या शतकातल्या ‘मानयोशू’ या कवितासंग्रहात उमेवरच्या कविता शंभराहून अधिक, साकुरावरच्या चाळीसच्या आसपास. ९०५ च्या ‘कोकिनशू’ या संग्रहापर्यंत पारडे पार फिरले होते. क्योतोच्या राजवाड्यासमोरचे उमेही त्याच सुमारास जाऊन तिथे साकुरा आला. बहराखाली मरण यावे अशी इच्छा धरणारा आणि ११९० साली बहराच्याच सुमारास गेलेला प्रसिद्ध भिक्षू-कवी शिंगोन या दुसऱ्या बौद्ध परंपरेतला होता, झेनचा नव्हता.

खरा गुंता आधुनिक काळातला आहे. जपानी मन कसे, असे कोणी विचारले तर सकाळच्या उन्हातल्या रानसाकुराकडे बोट दाखवणारी छोटीशी कविता १७९० ची. लिहिणाऱ्या विद्वानाला बौद्ध विचाराचे मुळीच प्रेम नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एदोजवळच्या (आजच्या टोकियोजवळच्या) सोमेई गावातल्या रोपवाटिकांतून एक नवी जात पसरली. १९०० साली तिला ‘सोमेई योशिनो’ हे नाव मिळाले. ही सगळी झाडे कलमांची, म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. म्हणून एका भागातली एकदम फुलतात आणि एकदम गळतात. रानसाकुराचे तसे नाही. तो पालवीसोबत, झाडागणिक मागेपुढे फुलतो. मेइजी सम्राटाच्या काळात (१८६८–१९१२) शाळा, छावण्या आणि जुन्या किल्ल्यांच्या आवारांत हीच कलमे लागली. एकाच दिवशी, एकजुटीने गळणारे फूल सैन्याला सोयीचे होते.

ऑक्टोबर १९४४ मध्ये पहिल्या आत्मघातकी हवाई पथकांना त्या १७९० च्या कवितेतलेच शब्द नावे म्हणून दिले: शिकिशिमा, यामातो, आसाही, यामाझाकुरा. पुढच्या मार्चमध्ये स्फोटकांनी भरलेले, माणसाने चालवायचे जे रॉकेट-विमान वापरात आले, त्याचे नाव ‘ओका’, म्हणजे साकुराचे फूल. ‘गळणारा साकुरा, उरलेला साकुराही गळणाराच साकुरा’ ही ओळ त्या तरुणांच्या निरोपाच्या लिखाणात भेटते. ती १८३१ साली वारलेल्या एका सोतो भिक्षूची अखेरची कविता म्हणून खपते. पण त्याच्या अखेरच्या दिवसांची नोंद ठेवणाऱ्या शिष्येने लिहिली आहे ती दुसरीच ओळ: कधी पाठ, कधी पोट दाखवत गळणाऱ्या मेपलच्या पानाची. तीही त्याची स्वतःची नव्हे, असे तिने प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

मग झेनचा यात दोष किती? यावर आजही वाद आहे. सोतो पंथाने १९९२ मध्ये युद्धकाळातल्या आपल्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली, २००१ मध्ये रिन्झाई या झेनच्या दुसऱ्या पंथाच्या एका मोठ्या शाखेने मागितली. बचावाची बाजू अशी की प्रतीक सरकारने निवडले, मठांनी नव्हे; आणि इतर पंथही मागे नव्हते. ते खरे आहे. पण ‘मी’ नाहीच तर मरतो कोण, हा युक्तिवाद व्यासपीठावरून सैनिकांना ऐकवणारे आचार्य होतेच. अनित्यतेचा विचार इतका सहज हुकमाच्या कामी येतो, ही अडचण माफीने सुटत नाही.

अलीकडे फुलांच्या तारखाच सरकू लागल्या आहेत. क्योतोमधल्या बहराच्या नोंदी ८१२ पासूनच्या आहेत. २०२१ साली तिथे २६ मार्चला पूर्ण बहर आला, बाराशे वर्षांतला तोवरचा सर्वांत लवकरचा. टोकियोतला बहर सुरू झाल्याची घोषणा हवामान खाते आजही यासुकुनी देवस्थानातल्या एका ठरावीक सोमेई योशिनोवर पाच-सहा फुले उमलल्यावर करते; युद्धात मेलेल्या सैनिकांचे हेच ते देवस्थान. या जातीला एक बुरशीजन्य रोगही चटकन लागतो. रोपे वाटणाऱ्या एका संस्थेने म्हणूनच २००९ पासून तिचे वाटप थांबवले आणि ‘जिंदाई-आकेबोनो’ ही दुसरी जात देऊ केली.