‘आत्ता किती दुखतंय?’ हे विचारणार कोण?

ज्येष्ठांच्या जुनाट दुखण्यासाठी, आपलं बोलणं ऐकून उत्तर देणाऱ्या स्मार्ट स्पीकरचा विषय निघाला की दोन टोकाची मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे ‘डब्याशी बोलून गुडघेदुखी थोडीच थांबणार?’ आणि दुसरं, ‘आता एआय नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखेल.’ पहिलं अर्धं खरं आहे. दुसऱ्याचा समाचार पुढे घेतो. मला या डब्याचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी वाटतं. त्याला घड्याळ कळतं आणि तोच प्रश्न रोज विचारून तो कंटाळत नाही.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणतं. उतारवयात ती बहुधा सांध्यांची, पाठीची किंवा मधुमेहाने बिघडलेल्या नसांची असते. रक्तातली साखर मोजता येते, वेदना मोजणारी पट्टी मात्र नाही. एक्स-रेमध्ये सांध्याची झीज दिसते, पण जितकी झीज तितकं दुखणं असा हिशेब जुळत नाही. मग डॉक्टर विचारतात, ‘गेला महिना कसा गेला?’ गोची आहे ती इथे, कारण उत्तर देते आठवण.

1996 साली डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी चालू असताना 154 रुग्णांना दर 60 सेकंदांनी विचारलं: आत्ता किती दुखतंय? शून्य ते दहा. तपासणी उरकल्यावर पुन्हा विचारलं: एकूण त्रास किती झाला? कोणाची तपासणी काही मिनिटांत आटोपली होती, कोणाची तासाच्या घरात गेली होती. जास्त वेळ सोसलेल्याला जास्त त्रास आठवायला हवा ना? तसं झालं नाही. आठवणीतला आकडा मुख्यतः दोन क्षणांवर बेतलेला निघाला: सर्वांत तीव्र कळ आणि शेवटची काही मिनिटं. मधला काळ लांबला की आटोपला, याला जवळजवळ किंमतच नव्हती. मेंदू वेदनेची बेरीज करून ठेवत नाही, तो दोन-चार ठळक फोटो काढून ठेवतो.

आता हे जुनाट दुखण्याला लावून बघा. समजा, एखाद्या औषधाने सहा तासांचा ठणका तीन तासांवर आणला, पण त्यातली सर्वांत मोठी कळ तेवढीच राहिली. आठवणीच्या हिशेबात हे औषध नापास होऊ शकतं! शिवाय दवाखान्यात बसल्या बसल्या कंबर भरून आली असेल, तर अख्खा महिनाच वाईट गेल्यासारखा वाटतो.

‘मग वही ठेवा,’ असं कोणीही म्हणेल. तेही तपासून झालंय. आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांनी जुनाट वेदनेच्या 80 रुग्णांवर केलेला अभ्यास 2002 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. निम्म्यांना कागदी डायरी दिली. तिच्या बाडात प्रकाश ओळखणारा सेन्सर लपवला होता, त्यामुळे डायरी कधी उघडली याची नोंद आपोआप होत होती. रुग्णांच्या म्हणण्यानुसार 90 टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. सेन्सरच्या म्हणण्यानुसार 11 टक्के. डायरी उघडलीच नाही अशा दिवसांच्या नोंदीसुद्धा नीट भरलेल्या होत्या. उरलेल्या निम्म्यांना वेळ झाली की टुणटुणणारं छोटं यंत्र दिलं होतं, त्यांच्या नोंदी 94 टक्के वेळेवर होत्या. (लोक लबाड असतात, असा याचा अर्थ काढू नका. दुखत असताना वही कोण शोधत बसणार?)

स्पीकर हे त्या टुणटुण्या यंत्राचं पुढचं रूप. बोटं आखडली आहेत, मोतीबिंदू आहे, अंथरुणावरून उठवत नाही, अशा माणसाला ‘सहा’ एवढं म्हणता आलं तरी नोंद होते. आणि नुसता आकडाच कशाला? रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 साली वेदनेची प्रश्नावली मांडली, तीत वेदनेचं वर्णन करणारे 78 शब्द आहेत. ठसठस, चमक, सणक, आग, मुंग्या यांतला फरक डॉक्टरांच्या कामाचा असतो: आग आणि मुंग्या म्हटलं की नसांचा संशय येतो.

पण हा डबा ऐकतो कसा? आवाजाचे सेकंदाला साधारण 16,000 नमुने घेतले जातात. त्यांचे 25 मिलिसेकंदांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे पाडून प्रत्येकात कोणत्या कंप्रतेला किती ऊर्जा आहे ते काढलं जातं आणि त्या नक्षीवरून न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य उदाहरणांवरून शिकलेला संगणकी प्रोग्राम, शब्द ताडतं. घोडं पेंड खातं ते म्हातारपणीच्या आवाजाशी. स्वरतंतू पातळ होतात, पुरते मिटत नाहीत, हवा निसटते आणि आवाज कापरा होतो. नेटवर्क शिकलेलं असतं बहुतेक तरुण आवाजांवर. त्याहून मोठा घोटाळा शांततेचा. सेकंदभर किंवा त्याहूनही कमी वेळ आवाज थांबला की बोलणं संपलं असं यंत्र धरतं. ‘काल रात्री... डावा खांदा...’ म्हणेपर्यंत डबा ‘माफ करा, समजलं नाही’ म्हणून मोकळा. ही थांबण्याची मुदत वाढवणं तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही. ज्येष्ठांसाठी म्हणून विकताना ते आधी करायला हवं.

राहिला आवाजावरून वेदना मोजण्याचा दावा. वेदना हा ज्याचा त्याचा अनुभव, हे तिच्या व्याख्येतच आहे. थकवा, सर्दी, उदासी यांनीही आवाज बदलतो. दुखण्याबद्दलचा दावा तपासला की काय होतं, ते बघा. मनगटातल्या तांब्याच्या कड्यांची आणि चुंबकी पट्ट्यांची ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या 70 रुग्णांवर चाचणी झाली, 2013 मध्ये निकाल आला: खोट्या पट्टीपेक्षा काडीचा जास्त उपयोग नाही. कड्याला हसणाऱ्यांनी एआयच्या कड्यालाही तोच न्याय लावावा.

गोळ्यांची आठवण हा फायदा उघड आहे. ‘सकाळची पॅरासिटामॉल घेतली का?’ याचं उत्तर नोंदीत असलं तर दुसऱ्यांदा घेतली जात नाही. मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅमपलीकडे ती चालत नाही आणि सर्दीच्या गोळ्यांतही ती दडलेली असते.

मला त्याहून आवडतो तो साधा टायमर. वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांचं म्हणणं होतं की विश्रांती, व्यायाम, औषध हे सगळं दुखण्याच्या नव्हे, घड्याळाच्या हुकमावर असावं. बरं वाटतंय म्हणून माणूस कपाट आवरायला घेतो, दुखेपर्यंत आवरतो आणि पुढचे दोन दिवस आडवा होतो. वीस मिनिटांनी ‘आता बसा’ असं स्पीकरने सांगायचं, तेही अजून काही दुखत नसताना. ऐकणारा वैतागतो, ‘दोनच कप्पे राहिलेत’ म्हणतो. डबा वाद घालत नाही. दोन मिनिटांनी पुन्हा सांगतो.