बाटला, बाटवला, दीक्षा घेतली

धर्म बदललेल्याला जुन्या मराठीत सरसकट ‘बाटगा’ म्हणत. आज तो शब्द ऐकू येतो तो बहुधा निवडणुकीच्या तोंडावर. पक्ष बदललेला पुढारी नव्या झेंड्याखाली जोरात ओरडू लागला की ‘बाटग्याची बांग मोठी’ हे ठरलेलंच.

शब्द मुळात सोवळ्या-ओवळ्यातला. भांडं बाटतं, पाणी बाटतं, तसाच माणूस. मनात काय आहे हे कुणी विचारत नाही, कुणाच्या हातचं पोटात गेलं एवढंच बघायचं. वसईकडे पोर्तुगिजांच्या काळातली गोष्ट सांगतात, ती म्हणूनच विहिरीत पाव टाकण्याची. परतीची वाटही तशीच. मोगलांकडे महंमद कुलीखान झालेल्या नेताजी पालकरांना शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये शुद्ध करून घेतलं, ते प्रायश्चित्त देऊन.

पुण्यात हे किती टोकाला जाई, ते पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनच्या चहाने दाखवलं. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशींनी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान) बड्या मंडळींना तिथल्या व्याख्यानाला नेलं. टिळक, रानडे, गोखले, सगळे. चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी प्याले, कुणी नुसता कप हातात धरला. मग गोपाळरावांनी (गृहस्थ खोडकरच!) नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा तंटा, उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, प्रायश्चित्तं झाली. धर्म मात्र त्या चहाने कुणीच बदलला नव्हता.

पंडिता रमाबाईंनी तो खरोखर बदलला होता, १८८३ मध्ये इंग्लंडात, स्वतः विचार करून. गावाच्या लेखी मात्र त्याही बाटल्याच. विचारपूर्वक केलेल्या निवडीला या क्रियापदात जागाच नाही.

ती जागा १४ ऑक्टोबर १९५६ ला झाली. नागपुरात लाखोंनी ‘दीक्षा घेतली’. इथे कर्ता स्वतः माणूस. पुण्याजवळ देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली होती, ती त्याआधी, डिसेंबर १९५४ मध्ये.

सरकारी कागदांवर मात्र ‘नवबौद्ध’ आलं. त्यामागे सवलतींचा पेच होता. अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० उजाडलं. तोवर जुनी जात आणि नवा धर्म दोन्ही एका शब्दात सांगायची सोय हवी होती. सोय सरली, शब्द राहिला. पुण्यातल्या समाजकल्याण आयुक्तालयाच्या योजना अजून ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ विद्यार्थ्यांसाठीच असतात. ज्याच्या पणजोबांनी दीक्षा घेतली, तो पोरगाही वसतिगृहाच्या अर्जात ‘नव’च.