मधल्या पदाची फोड, अंदाजाशिवाय

वर्ग त्रिपदीचे अवयव पाडताना वहीच्या मागच्या पानावर केलेली खाडाखोड पुष्कळांना आठवत असेल. क्ष² + १४क्ष + ४५ सोपं. बेरीज १४, गुणाकार ४५, म्हणजे ९ आणि ५. अवयव (क्ष + ९)(क्ष + ५). पण क्ष² + ४६क्ष + ४९३ आलं की पंचाईत. ४९३ कुठल्या पाढ्यात येतात हे चटकन सांगणारा विरळाच.

खरं तर अंदाज बांधायची गरजच नाही. दोन संख्यांची बेरीज ४६ असेल, तर एक २३ पेक्षा जितकी मोठी, तितकीच दुसरी लहान. हा फरक ड धरू. मग गुणाकार (२३ + ड)(२३ − ड), म्हणजे ५२९ − ड². घोकून पाठ केलेलं अ² − ब² चं सूत्र ते हेच! गुणाकार ४९३ हवा, म्हणून ड² = ३६ आणि ड = ६. संख्या २९ आणि १७.

युक्ती फार जुनी आहे. येल विद्यापीठाच्या संग्रहात साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची एक बाबिलोनी मातीची पाटी आहे. तिच्यावरच्या एका उदाहरणात लांबी-रुंदीची बेरीज साडेसहा आणि क्षेत्रफळ साडेसात. बेरजेचं अर्ध करा, वर्ग करा, त्यातून क्षेत्रफळ वजा करा, वर्गमूळ काढा, ते अर्ध्यात मिळवा आणि अर्ध्यातून वजा करा. उत्तर ५ आणि दीड. अक्षरं नाहीत, सूत्र नाही, नुसती कृती.

यातल्या शेवटच्या पायरीला आपल्याकडे नावही आहे: संक्रमण. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त विचारलंय, बेरीज १०१ आणि वजाबाकी २५, तर संख्या कोणत्या? अर्थात ६३ आणि ३८.

क्ष² चा सहगुणक १ नसला तरी अडत नाही. ६क्ष² + १९क्ष + १० मध्ये गुणाकार ६ × १० = ६० धरायचा. साडेनऊचा वर्ग ९०.२५, त्यातून ६० गेले, उरले ३०.२५, वर्गमूळ साडेपाच. फोड १५ आणि ४.

मला मात्र या रीतीचा मोठा गुण वेगळाच वाटतो: कुठे थांबायचं ते ती सांगते. क्ष² + १४क्ष + ४७ घ्या. ४९ − ४७ = २, आणि २ चं वर्गमूळ पूर्णांक नाही; तेव्हा पूर्णांकी अवयव शोधत बसू नका. ४७ च्या जागी ५० असते तर ड² = −१ आला असता, म्हणजे वास्तव संख्यांतही अवयव नाहीत.