टिकाऊ टर्मिनल सेशन

दूरच्या संगणकावर कमांडलाइनमधून सुरू केलेले काम आपली जोडणी तुटली तरी तिथे चालू ठेवण्याची आणि नंतर कुठूनही पुन्हा त्याच पडद्यावर हजर होण्याची सोय. त्यासाठी मुख्यतः स्क्रीन आणि टीमक्स हे दोन प्रोग्रॅम वापरतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या ज्या मराठी मुलामुलींची नोकरी बंगळुरू-पुण्याची आणि लॅपटॉप मात्र गावच्या घरात, त्यांचे या सोयीवाचून भागत नाही. पावसाळ्यात लाईट गेली की राउटर बंद पडतो, आणि खानापूर-लोंढ्याच्या जंगलातून रेल्वे जाताना मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरता येत नाही.

जोडणी तुटली की काम का मरते, याचे कारण युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या जुन्या रचनेत आहे. एसएसएच या दूरच्या संगणकात सुरक्षित शिरण्याच्या साधनाने आत गेल्यावर तो संगणक आपल्याला एक आभासी टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायचा पडदा, देतो. जोडणी संपली की ते टर्मिनल बंद होते, सिस्टमचा गाभा असलेला कर्नल आपल्या कमांडी चालवणाऱ्या शेलला ‘हँगअप’ सिग्नल पाठवतो आणि शेल तो आपल्या हाताखालच्या कामांकडे पोचवते. टर्मिनल फोनलाइनवरून जोडले जाई त्या काळात हे रास्तच होते. माणूस उठून गेला तर त्याची कामे कशाला चालू ठेवायची? ‘नोहप’ ही कमांड लावून काम सुरू केले तर ते हा सिग्नल कानाआड करते आणि त्याचे आउटपुट एका फाइलीत जमा होते. पण मध्येच त्या कामाने ‘पुढे जाऊ का?’ असे विचारले, तर उत्तर द्यायला परत आत जाण्याची वाट राहत नाही.

स्क्रीन आणि टीमक्स ही वाट उघडी ठेवतात. टीमक्सचा एक सर्व्हर-प्रोसेस, म्हणजे मागे चालू राहणारा प्रोग्रॅम, दूरच्या संगणकावर वेगळा चालतो आणि आभासी टर्मिनले त्याच्या मालकीची असतात. आपल्यासमोर दिसतो तो नुसता क्लायंट. तो सॉकेट नावाच्या, दोन प्रोग्रॅमना जोडणाऱ्या खास फाइलीतून या सर्व्हरशी बोलतो. नेट गेले तर मरतो तो क्लायंट. सर्व्हर, त्यातली शेल आणि शेलमधले काम यांना त्याची खबरही लागत नाही. स्क्रीन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. ओलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान हे त्याचे मूळ कर्ते. टीमक्स निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये आणला आणि २००९ मध्ये तो ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टमच्या मूळ संचात गेला. रेड हॅटने आपल्या एंटरप्राइज लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून स्क्रीन काढून टाकला. नव्याने शिकणाऱ्याने सरळ टीमक्सच धरावा. स्क्रीनला कोणताही हुकूम देण्याआधी दाबायची कंट्रोल-ए ही कळ शेलमध्ये ओळीच्या सुरुवातीला जायलाही लागते, हे एकच कारण काहींना पुरते. टीमक्सची तशी कळ कंट्रोल-बी आहे. ती दाबून मग ‘डी’ दाबले की सेशन चालू ठेवून आपण बाहेर पडतो.

खरी मजा स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांडी आधीच लिहून ठेवलेल्या फाइलीत, आहे. टीमक्सच्या ‘न्यू-सेशन’ या कमांडला ‘-डी’ जोडले की सेशन पडद्यावर न उघडता मागे सुरू होते, आणि ‘-एस’ने त्याला नाव देता येते. नाव द्यावेच, नाहीतर शून्य, एक, दोन अशा आकड्यांतून कालचे काम हुडकत बसावे लागते. स्क्रिप्टने आधी ‘हॅज-सेशन’ने त्या नावाचे सेशन आहे का ते पाहावे, नसेल तरच नवे काढावे. म्हणजे तीच स्क्रिप्ट दहा वेळा चालवली तरी दहा बॅकअप एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत.

चालू सेशनमध्ये कमांड घालायला ‘सेंड-कीज’ आहे, आणि घोटाळे होतात ते बहुधा इथेच. ही कमांड फक्त कळा दाबते. समोर शेल आहे की उघडा पडलेला एडिटर, आधीचे काम आटोपले की नाही, हे तिला कळत नाही. शेवटी ‘एंटर’ वेगळा लिहिला नाही तर कमांड टाइप होऊन तशीच पडून राहते. काम सेशन काढतानाच कमांड म्हणून दिले तर हा आंधळा कारभार टळतो. एकामागून एक कामे करायची असतील तर ‘वेट-फॉर’ वापरावे: पहिले काम संपताना खूण करते आणि तोवर स्क्रिप्ट थांबून राहते. अंदाजाने काही सेकंद थांबवणारा ‘स्लीप’ टाकणे सोपे वाटते, पण संगणकावर ताण आला की तो अंदाज हमखास चुकतो.

आत काय चालले आहे ते न शिरता पाहायचे तर ‘कॅप्चर-पेन’ पडद्यावरचा मजकूर काढून देते. मागच्या ओळी मुळात २००० पर्यंतच साठतात, म्हणून लांब कामाची नोंद ‘पाइप-पेन’ने फाइलीतच उतरवून ठेवावी.

एकाच सेशनला दोघेजण जोडले जाऊ शकतात. पुण्यातला जुना सहकारी आणि निपाणीतली नवी मुलगी एकच पडदा पाहत, फोन कानाला लावून ‘हां, आता एंटर मार बघू’ असे काम करू शकतात. मात्र सॉकेट दुसऱ्याला उघडून देणे म्हणजे आपले सगळे अधिकार त्याच्या हाती देणे. नुसते पाहायचे असेल तर त्याने ‘-आर’ने जोडून घ्यावे.

मराठी किंवा कन्नड मजकुराच्या फाइली हाताळताना लोकेल, म्हणजे सिस्टमची भाषा-लिपीची सेटिंग, यूटीएफ-८ या सर्व लिपींच्या संकेतपद्धतीवर नसेल तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. ते नीट असले तरी काना-वेलांटी किती रकाने घेते याचा टर्मिनलचा आणि टीमक्सचा हिशेब जुळेलच असे नाही. न जुळल्यास कर्सर सरकतो आणि ओळ विस्कटते. फाइलीतला मजकूर मात्र शाबूत असतो.

या टिकाऊपणाला मर्यादाही आहेत. दूरचा संगणकच रीबूट झाला तर सेशन जाते. टीमक्स-रिझरेक्टसारखे जोडसाधन खिडक्यांची मांडणी परत उभी करते, पण अर्धवट राहिलेले काम तिथून पुढे नेत नाही. २०१६ मध्ये सिस्टमडीने, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेने, वापरकर्ता बाहेर पडताच त्याचे सगळे प्रोसेस मारण्याची सेटिंग मुळातच चालू केली आणि त्यात टीमक्सही सापडला. लिनक्सच्या पुष्कळ वितरणांनी ती आपल्याकडे बंद ठेवली. चालू असेल तिथे ‘लिंगर’ची, म्हणजे बाहेर पडल्यावरही प्रोसेस चालू ठेवण्याची, परवानगी घ्यावी लागते. जुन्या सेशनमध्ये परतल्यावर आपल्या लॅपटॉपवरून जोडणीतून पुढे दिलेल्या एसएसएचच्या किल्ल्या (ओळख पटवणाऱ्या फाइली) चालेनाशा होतात, कारण आतल्या शेलजवळ आधीच्या जोडणीचा पत्ता असतो. कायम चालायची सेवा असेल तर ती सिस्टमडीकडेच सोपवावी. पडली तर पुन्हा उभी करणे हे टीमक्सचे काम नाही.