‘लोकल’ म्हणजे नक्की कुठलं? पायथनमधल्या कॉन्फिगची पार्श्वभूमी

कॉन्फिग म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंग्ज. ‘नाव = किंमत’ अशा ओळींच्या आयएनआय धाटणीच्या फाइलींतून त्या वाचणारा कॉन्फिगपार्सर पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत जुनाच. त्याला फाइलींची यादी दिली की नंतरची फाइल आधीचीवर मात करते आणि नसलेली फाइल तो गुपचूप सोडून देतो. सगळ्यांची सामायिक फाइल आधी, त्या मशीनवरची म्हणजे लोकल मागून, इतकं सरळ.

गुंता वाढला २००५ मध्ये जँगो ही वेबसाइट बांधायची चौकट आल्यावर. सेटिंग्ज म्हणजेच पायथनची फाइल झाली. सामायिक फाइल रेपोत (टीमच्या कोडच्या भांडारात), लोकल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे रेपोत न जाणाऱ्या फाइलींच्या यादीत. सामायिकच्या तळाशी लोकलमधलं सगळं स्टार-इम्पोर्ट करायचं (एकदम ओढून घ्यायचं) आणि इम्पोर्टएरर, म्हणजे फाइल सापडत नसल्याची चूक, आली तर ‘पास’, म्हणजे सोडून द्यायची. हा चार ओळींचा तोडगा घराघरांत पोचला, पण तो दगाबाज होता. लोकल फाइलनेच न बसवलेलं पॅकेज मागितलं तर तो इम्पोर्टएररही तिथेच गिळला जाई, आणि सर्व्हर डीबग (चुकांचे तपशील दाखवणारी अवस्था) चालू ठेवून बिनबोभाट उभा राही. शिवाय सामायिक फाइलमधल्या ॲप्सच्या यादीत एखादं नाव जोडायचं, तर लोकलला ती यादी दिसतच नसे.

म्हणून दुसऱ्या पक्षाने दिशा उलटवली: बेस फाइल वेगळी, आणि लोकलनेच तिला इम्पोर्ट करायचं. हे बरंच शहाणपणाचं. पण मग बेस, लोकल, प्रॉडक्शन (खऱ्या सर्व्हरची) अशा तिन्ही फाइली रेपोत जाऊ लागल्या आणि ‘लोकल’चा अर्थ घसरला. आधी ‘फक्त या मशीनचं’, आता ‘कुणाही डेव्हलपरच्या लॅपटॉपचं’. एकाच टीममध्ये दोन्ही अर्थ नांदले की पासवर्ड कमिट झालाच, म्हणजे रेपोत गेलाच समजा.

२०११ च्या सुमारास क्लाउडवाल्यांनी बारा कलमांची आचारसंहिता मांडली: कॉन्फिग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडून प्रोग्रामला मिळणाऱ्या नाव-किंमत जोड्यांत. फाइलींचा वाद मिटला, पण सगळंच स्ट्रिंग (नुसता मजकूर) झालं; आणि बूलच्या (खरं की खोटं ते ठरवणाऱ्या फंक्शनच्या) हाती ‘फॉल्स’ ही स्ट्रिंग दिली तर उत्तर ट्रू. त्यात लोकल फाइलीतून ही व्हेरिएबल भरणारं पायथन-डॉटएन्व्ह आधीच ठरलेलं व्हेरिएबल आपणहून बदलत नाही. म्हणजे लोकल फाइल जिंकते ही सवय इथे उलटी.

पायथन ३.११ पासून (२०२२) टॉमल धाटणीच्या फाइली वाचणारं टॉमल-लिब आलं. आकडे आकडेच राहतात, बूल बूलच. थर मात्र स्वतः रचायचे. पायथन ३.९ मधल्या उभ्या दांडीने (|) दोन डिक्शनऱ्या (नाव-किंमत जोड्यांचे संच) जोडल्या, तर जुळणी फक्त वरच्या पातळीवर होते: लोकलमध्ये डेटाबेसचा नुसता होस्ट लिहिला की सामायिकमधला पोर्ट गायब, आणि पुढे कीएरर, म्हणजे नाव सापडत नसल्याची चूक.